शिट्टी न वाजवणारा कोच : मिनेसोटातल्या मराठी आईबापांना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

परवा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत जो वाद रंगला, तो तुमच्यापैकी निम्म्यांनी ऐकला आणि उरलेल्या निम्म्यांपर्यंत व्हॉट्सॲपवरून तिखटमीठ लावून पोचला. विषय साधाच होता. आपल्यातल्याच एका मुलाला हायस्कूलच्या पहिल्या वर्षापासून फुटबॉल खेळायचाय. म्हणजे हेल्मेटवाला, अमेरिकन फुटबॉल. आई म्हणते, अजिबात नको, डोक्याला मार बसतो. बाबा म्हणतात, खेळू दे की. आणि का खेळू दे, तर, “मी चौकशी केलीय, कोच फार कडक आहे. मुलं त्याच्यापुढे थरथर कापतात. जरा शिस्त लागेल.”

त्या शेवटच्या वाक्याला आजूबाजूच्या आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. आईच्या भीतीवर चर्चा झाली, आकडेवारी निघाली, कुणी तरी फोनवर काहीबाही शोधून वाचून दाखवलं. पण बाबांच्या त्या वाक्यावर कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. कडक आहे, म्हणजे चांगलाच असणार. मीही तेव्हा हातात मोदकाची ताटली धरून गप्प बसले. घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले होते, कारण ज्या माणसाने हे वाक्य आयुष्यभर खोटं पाडलं, तो आपल्या सगळ्यांच्या घरांपासून जेमतेम तासा-सव्वा तासावर साठ वर्षं काम करत होता.

आम्ही २००१ साली सेंट क्लाउडला आलो. तुम्ही बहुतेक सगळे मिनियापोलिसच्या उपनगरांत, आम्ही मात्र या टोकाला. त्यामुळे आय-९४ महामार्गावरून पुढे वीस मिनिटांवर असलेलं कॉलेजव्हिल आम्हाला अंगणासारखं झालं. तिथे बेनेडिक्टाइन मठ आहे, मठाला लागून सेंट जॉन्स विद्यापीठ. नाव विद्यापीठ असलं तरी मुळात ते मुलांचं एक लहानसं कॉलेज. मुलींचं सेंट बेनेडिक्ट शेजारच्या गावात, वर्ग मात्र एकत्र. मठवासी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आले. त्यांच्या नावाचा पाव आम्ही अजून आणतो. मार्सेल ब्रॉयरने बांधलेलं त्यांचं काँक्रीटचं चर्च पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते धरणाच्या भिंतीसारखं वाटलं होतं, नंतर आवडायला लागलं. असो. या कॉलेजात १९५३ पासून २०१२ पर्यंत फुटबॉलचा मुख्य कोच एकच माणूस होता. जॉन गाग्लियार्डी.

इथे माझी एक पंचाईत आहे ती सांगून टाकते. मराठीत लिहायचं तर एकेरीत लिहू की आदरार्थी? वयाने आजोबांच्या जागी, कर्तृत्वाने त्याहून मोठा. पण खेळाडूंनी आपल्याला ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’ म्हणायचं, असा त्याचा आग्रह होता. अठरा वर्षांचा पोरगा पहिल्या दिवशी मैदानावर येऊन पाऊणशे वयाच्या माणसाला ‘जॉन’ म्हणत असे. तेव्हा मीही एकेरीतच लिहिते. आपण सचिनला आणि विठोबालाही एकेरीतच हाक मारतो, त्यात मान कमी होत नाही.

जॉन १९२६ चा. कोलोरॅडोच्या दक्षिणेला ट्रिनिडाड नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे, तिथल्या इटालियन स्थलांतरित कुटुंबातला. १९४३ साली तो तिथल्या कॅथलिक हायस्कूलच्या संघाचा कर्णधार होता आणि त्याच्या कोचला सैन्यात बोलावणं आलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, दुसरा कोच मिळणार कुठून? शाळा संघच बंद करायला निघाली होती. सोळा वर्षांच्या जॉनने शाळेला पटवलं की, मीच खेळतो आणि मीच शिकवतो.

आता विचार करा, सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात अचानक सत्ता आली तर तो काय करेल? पहिल्यांदा त्याला स्वतःला ज्याचा जाच झाला, ते काढून टाकेल. जॉनने नेमकं तेच केलं. त्या काळी सरावात पाणी पिणं म्हणजे कमकुवतपणा समजत. त्याने मुलांना पाणी पिऊ दिलं. उकिडवं बसून बदकासारखं चालवायचे, ते बंद केलं. जोर, धावण्याच्या फेऱ्या, एकमेकांच्या अंगावर आपटण्याचे तास, सगळं हळूहळू गेलं. उरला तो प्रत्यक्ष खेळ. आणि संघ जिंकायला लागला. पुढे कोलोरॅडो कॉलेजात शिकता शिकताही तो हायस्कूलच्या मुलांना शिकवत राहिला. अशा सहा वर्षांत त्याच्या संघांनी चार वेळा आपापल्या गटाचं विजेतेपद मिळवलं.

म्हणजे बघा, ही काही म्हातारपणी सुचलेली करुणा नव्हती, की कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेली पद्धतही नव्हती. जाच सोसलेल्या मुलाने, जाच अजून आठवत असतानाच, जे नको ते खोडून टाकलं. आपण मोठे होईपर्यंत आपला जाच विसरतो. विसरतो असंही नाही, त्याला ‘संस्कार’ म्हणायला लागतो.

१९४९ साली, बावीस वर्षांचा असताना, तो मोंटानातल्या हेलेना गावी कॅरल कॉलेजचा कोच झाला. चार मोसमांत २४ विजय, ६ पराभव, एक बरोबरी. मग १९५३ मध्ये सेंट जॉन्सने बोलावलं. त्याच्या आधी तिथे जॉनी ‘ब्लड’ मॅकनॅली कोच होता. ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचा जुना तारा, याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. जाताना त्याने नव्या पोराला बजावलं होतं म्हणतात, इथे कुणीच कधी जिंकू शकणार नाही. पहिल्याच वर्षी जॉनच्या संघाने कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विजेतेपदात वाटा मिळवला. शिवाय छोटं कॉलेज म्हणजे एका माणसाने चार कामं करायची. त्यामुळे काही वर्षं त्याच्या गळ्यात आइस हॉकीचा संघही पडला. हॉकी हा काही त्याचा खेळ नव्हे. तरी ४२ सामने जिंकले, २५ हरले.

आता मुख्य गोष्ट. त्याच्या पद्धतीला लोक ‘नकारांनी जिंकणं’ म्हणायचे, कारण त्याचे नियम म्हणजे काय काय करायचं नाही याची लांबलचक यादी होती. शिट्टी नाही. ढकलायचे जड लोखंडी स्लेड नाहीत. मैदानाला फेऱ्या नाहीत. सक्तीचं वजन उचलणं नाही. चालींचं प्लेबुक नावाचं बाड नाही. नव्या मुलांची रॅगिंग नाही, त्यांच्याकडून सीनियरची कामं करून घेणं नाही. कुणाला संघातून काढणं नाही. जो येईल तो संघात, म्हणून घरच्या सामन्याला दीडशेच्या वर पोरं युनिफॉर्म घालून उभी. सराव दीड तासापेक्षा जास्त नाही. फार ऊन, फार थंडी किंवा डास फार झाले तर सराव नाही. (मिनेसोटातले डास तुम्हाला ठाऊक आहेत. हा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.) सरावाच्या सुरुवातीला एक ‘व्यायाम’ असायचा. पोरांनी गवतावर उताणं पडायचं, आकाशाकडे बघायचं आणि शेजाऱ्याला म्हणायचं, काय सुंदर दिवस आहे ना!

हे वाचून हसू येतं, मलाही आलं होतं. पण यादीतला सगळ्यात मोठा नकार हसण्यासारखा नव्हता. सरावात टॅकल नाही.

ज्यांनी हा खेळ नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. टॅकल म्हणजे कबड्डीतली पकड, फक्त समोरचा पूर्ण वेगात धावत येतोय, तुम्हीही पूर्ण वेगात आहात, आणि दोघांच्या डोक्यावर कडक हेल्मेट आहे. फुटबॉलमधून टॅकल काढणं म्हणजे कबड्डीच्या सरावातून पकड काढणं. कुठलाही कोच म्हणेल, वेड लागलंय का? सरावात पकडलं नाही तर सामन्यात पकडणार कसं?

जॉनचा हिशेब सरळ होता. आठवड्यात चार-पाच दिवस माझीच पोरं माझ्याच पोरांना आडवी करणार, त्यात दोघे-तिघे जायबंदी होणार, आणि शनिवारी समोरच्या संघाशी खेळायला मी कुणाला उभं करू? त्याला मेंदूच्या आजाराची काळजी होती म्हणून त्याने हे केलं असं नाही. त्या काळी त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. त्याला माणसं वाचवायची होती, जिंकण्यासाठी. मग दीड तासात काय करायचे? चाली. प्रतिस्पर्धी शनिवारी जे खेळणार ते पुन्हा पुन्हा, इतक्या वेळा की समोरचा हलायच्या आधी आपल्या पोराला कळावं चेंडू कुठे जाणार. अंगात पॅड, डोक्यावर हेल्मेट, पण योग्य जागी पोचलास की थांब, आपटू नकोस. पकड बहुतेक वेळा सुटते ती ताकद कमी पडली म्हणून नव्हे, माणूस दोन पावलं चुकीच्या जागी उभा असतो म्हणून. हे आमच्या इस्लामपूरच्या कबड्डीवाल्यांनाही पटेल.

इस्लामपूरचं नाव निघालं म्हणून सांगते. माझा धाकटा भाऊ शाळेत कबड्डी खेळायचा. चांगला खेळायचा, जिल्ह्यापर्यंत जाईल असं सगळे म्हणायचे. त्याचा गुडघा सामन्यात गेला नाही, सरावात गेला. मे महिन्यात, तापलेल्या टणक मैदानावर, ‘अंगातली भीती जावी’ म्हणून एकावर तिघे सोडून. शिकवणारे सर वाईट नव्हते. कडक होते. आमच्या वडिलांनीच त्यांना सांगितलं होतं, गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं. वडिलांना पुढे वीस वर्षं ते वाक्य आठवलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जात.

आणि आपल्या मातीत सगळं असंच होतं असंही समजू नका. माझे आजोबा तालमीत जायचे. वस्तादांना नावाने हाक मारणं सोडाच, त्यांच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नसे. पण तोच वस्ताद कोवळ्या पोराला थोराड मल्लाच्या अंगावर कधी सोडत नसे, लढत कुणाची कुणाशी लावायची हे तो डोळ्यात तेल घालून बघायचा. दरारा आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजोबांना कळत होतं. पुढच्या पिढीत दरारा तेवढा उरला.

तर, सरावात टॅकल नाही, शिट्टी नाही, डास असतील तर सुट्टी. निकाल काय? चार राष्ट्रीय विजेतेपदं. १९६३ मध्ये प्रेअरी व्ह्यूला ३३-२७ ने हरवून, १९६५ मध्ये लिनफिल्डला ३३-० ने, १९७६ मध्ये टाउसनला ३१-२८ ने. आणि २००३ मध्ये माउंट युनियनला २४-६ ने हरवून, तेही माउंट युनियन सलग ५५ सामने जिंकून आलेलं असताना. तेव्हा जॉन ७७ वर्षांचा होता. त्याच २००३ च्या ८ नोव्हेंबरला बेथेलविरुद्ध २९-२६ असा विजय मिळाला तो त्याचा ४०९ वा. त्याने लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग स्टेटच्या एडी रॉबिन्सनचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला. रॉबिन्सनची गोष्ट वेगळी आणि तितकीच मोठी आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांच्या कॉलेजात छप्पन्न वर्षांची कोचगिरी. त्यावर कुणी तरी स्वतंत्र लिहायला हवं.

जॉन थांबला तेव्हा आकडा होता ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय आजवर कुणाचेच नाहीत. टीव्हीवर दिसणाऱ्या, कोट्यवधी डॉलर पगार घेणाऱ्या कोचांपैकीही कुणाचे नाहीत. १९९३ च्या मोसमात तर त्याच्या संघाने सामन्याला सरासरी ६१.५ गुण केले. त्याच वर्षापासून डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या पुरस्काराला त्याचं नाव आहे. २००६ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, कोच म्हणून काम चालू असतानाच.

डिव्हिजन थ्री म्हणजे काय, हेही आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं, आणि ‘स्पोर्ट्समधून स्कॉलरशिप’ हा शब्द मात्र आपल्या तोंडी फार. कॉलेजांच्या खेळांची ही तिसरी श्रेणी, आणि तिच्यात खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. एक डॉलरही नाही. म्हणजे जॉनकडे येणारा प्रत्येक मुलगा फी भरून, अभ्यास सांभाळून, खेळायला आवडतं म्हणून यायचा. पैशाने बांधलेला नसल्यामुळे नको झालं की उद्या सोडून जाऊ शकायचा. अशा पोरांना धाकात ठेवून चालत नाही. कुणी म्हणेल, म्हणूनच तो मऊ होता. शक्य आहे. पण त्याच कॉन्फरन्समध्ये, त्याच नियमांत इतरही कोच होते, त्यांच्याकडेही फी भरणारीच पोरं होती आणि त्यांच्याकडे शिट्ट्या होत्या.

मी त्याला एकदाच प्रत्यक्ष पाहिलं, २०११ च्या ऑक्टोबरात. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता आणि नुकताच फुटबॉलचा फॉर्म घेऊन घरी आला होता. नवऱ्याने न वाचताच परत दिला. आमचे शेजारी, साठच्या दशकात जॉनकडे खेळलेले, पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, सही करू नका, पण शनिवारी माझ्याबरोबर या. क्लेमेन्स स्टेडियम म्हणजे झाडीच्या कुशीतली खोलगट जागा. मेपल लाल-पिवळे झालेले, उतारावर लोक ब्लँकेटं घेऊन बसलेले. सीमारेषेवर जाकीट घातलेला एक म्हातारा उभा होता. ओरडत नव्हता. एका पोराकडून चेंडू सुटला. माझा श्वास अडकला, आता याला सगळ्यांसमोर झापणार. म्हातारा त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि पोरगा परत आत गेला. मी शेजाऱ्यांना विचारलं, काय म्हणाला असेल? ते म्हणाले, मला तरी तो अशा वेळी पुढची चाल सांगायचा.

येताना गाडीत मी आणखी एक विचारलं. तुम्ही चार वर्षं खेळलात, त्याला घाबरत नव्हता? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला निराश करायची भीती वाटायची. त्याची नाही.”

आता त्याला देव करू नका. देव केलं की आपण सुटतो, ‘त्याच्यासारखा एखादाच’ म्हणून. जॉन अत्यंत चिवट, जिंकण्यासाठी झपाटलेला माणूस होता. नियमांची यादी विनोदी वाटली तरी दीड तासात एकच चाल पाचव्यांदा चुकली तर सहाव्यांदा करावी लागायची. त्याचा खरा नियम एकच, स्वतःला जसं वागवलेलं आवडेल तसं दुसऱ्याला वागवा. ऐकायला सोपा, दीडशे पोरांमध्ये पाळून घ्यायला महाकठीण. शेवटची काही वर्षं त्याला जड गेली. २०१२ चा शेवटचा मोसम पाच विजय आणि पाच पराभवांचा. ८६ व्या वर्षी, त्या नोव्हेंबरात तो थांबला. थोडं आधी थांबायला हवं होतं का? माझ्या शेजाऱ्यांना वाटतं, हो. मला कळत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात तो गेला, ९१ वर्षांचा होऊन, म्हणजे फुटबॉलच्या मोसमातच.

आणि एक गोष्ट त्या आईला, जी परवा एकटी पडली होती. तुझी भीती खोटी नाही. सरावातली टॅकल काढली तरी शनिवारची राहतेच. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी फुटबॉल खेळलेल्या २०२ लोकांचे, मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले. व्यावसायिक एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० जणांत सीटीई हा मेंदूचा आजार सापडला, आणि फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४ पैकी ३ जणांत. ज्यांना आधीच त्रास होता अशांच्या कुटुंबांनी मेंदू दिले असण्याची शक्यता जास्त, म्हणून हे आकडे सगळ्या खेळाडूंना लावता येत नाहीत, असं त्या संशोधकांनीच लिहिलंय. पण ते वाचून कुणाला झोप लागली नाही तर मी तिला हसणार नाही. हा आजार एकाच मोठ्या धडकेने नाही, वर्षानुवर्षांच्या लहान-मोठ्या धडकांनी होतो असं मानतात. मग मोजायची गोष्ट काय ठरते? मुलाच्या डोक्याला एकूण किती धडका बसतात. आणि शनिवारी दोन तास तर सोमवार ते शुक्रवार किती तास, हे कोच ठरवतो.

जॉनने जे १९५०च्या दशकात केलं, ते बाकीच्यांच्या गळी उतरायला अर्धं शतक लागलं. डार्टमथ कॉलेजचा कोच बडी टीव्हन्स याने २०१० मध्ये आपल्या संघाच्या सरावातली टॅकल बंद केली. त्यांनी तर त्यासाठी धावणारा, टॅकल करून घेणारा यंत्रमानव बनवला, बिचारा दिवसभर मार खातो. २०१६ मध्ये सगळ्या आयव्ही लीगच्या कोचांनी मोसमातल्या सरावात टॅकल नको असं ठरवलं. हार्वर्ड-प्रिन्स्टनचं नाव घेतलं की आपल्यातल्या कुणाचे कान टवकारत असतील तर हे तेच हार्वर्ड-प्रिन्स्टन. एनएफएलनेही २०११ च्या करारात मोसमातले पूर्ण पॅड घालून करायचे सराव चौदावर आणले, आणि २०१९ मध्ये दोन पोरांना समोरासमोर उभं करून धडकवायची जुनी ‘ओक्लाहोमा ड्रिल’ बंद केली. कोट्यवधींचे खेळाडू वाचवायला ते हे करतात. आणि आपण चौदा वर्षांच्या पोरासाठी ‘थरथर कापतात’ हे शिफारसपत्र समजतो.

म्हणून त्या बाबांना माझी विनंती आहे. मुलाला खेळू द्या की देऊ नका, ते तुमच्या घरात ठरवा. मी त्यात नाही. पण कोचकडे जाताना तो किती कडक आहे हे विचारून येऊ नका. मंगळवारी संध्याकाळी सराव बघायला जा, अर्धा तास बाहेर गाडीत बसलात तरी चालेल. पोरं एकमेकांना किती वेळा आडवी करतात ते मोजा. उन्हात पाणी कोण मागतं आणि मागितल्यावर काय होतं ते बघा. एखाद्या पोराला चक्कर आली तर त्याला कोण बसवतं, आणि दुसऱ्या दिवशी तो परत मैदानावर असतो का, हे बघा. नव्या पोरांकडून बाटल्या भरून घेतात का. चूक झाली की कोच पोराला चाल समजावतो, की त्याची लाज काढतो. तेवढ्यात तुम्हाला कळेल. इंजिनियर आहात, मोजणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

माझ्या मुलाच्या फॉर्मवर शेवटी सही मीच केली, असेच दोन सराव बघून. त्याचा कोच काही जॉन नव्हता, पण आवाज न चढवणारा होता आणि मुलांना पाणी प्यायला पाठवायचा. मुलगा तीन मोसम खेळला, बहुतेक वेळ बाकावर, एकदा बोट मोडलं, आणि मग त्याने आपणहून सोडलं. त्या बाकावरचे चार मित्र अजून त्याचे मित्र आहेत.

मुलीची गोष्ट मला लिहायची नव्हती, पण न लिहिता हे पत्र अर्धवट राहील. तिला पोहायला मी घातलं, मुलाच्या कितीतरी आधी. तेव्हा मी जॉनचं नाव ऐकलं नव्हतं. गावात दोन ठिकाणी वर्ग चालायचे. एका ठिकाणची बाई हसतमुख होती, मुलं पाण्यात नुसती खेळतायत असं वाटायचं. दुसरीकडचा माणूस काठावरून ओरडायचा आणि पोरं सरळ रेषेत पोहायची. मी दुसरा निवडला. फी जास्त भरून निवडला. भारतात फोन करून आईला अभिमानाने सांगितलंसुद्धा, कोच फार कडक आहे म्हणून. दोन वर्षं ती मुकाट गेली. शिस्त लागली, वेळा सुधारल्या, एक पदकही आहे. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती गाडीतून उतरलीच नाही. ओरडली नाही, रडली नाही, नुसती पट्टा घट्ट धरून बसली. आज ती एकतीस वर्षांची आहे. दहा हजार तळ्यांच्या राज्यात वाढली, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे तळ्यावर जातो तेव्हा ती काठावर खुर्ची टाकून पुस्तक वाचते. मी कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही.

तर परवा रांगेत मी गप्प का बसले, ते आता तुम्हाला कळलं असेल.

कॉलेजव्हिलला फुटबॉल अजून चालू आहे. जॉननंतर त्याच्याच हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले गॅरी फॅशिंग मुख्य कोच झाले. जुना वैरी सेंट थॉमस आता डिव्हिजन वनमध्ये गेला, त्यामुळे ती लढत राहिली नाही. २०१७ मध्ये ती मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड स्टेडियमवर झाली तेव्हा ३७,३५५ माणसं आली होती, डिव्हिजन थ्रीतला विक्रम, आणि आम्ही तिकीट काढायला उशीर केला. पण बाकीचे सामने आहेत. पुढच्या महिन्यात पानं रंगली की एका शनिवारी मी जाणार आहे, शेजाऱ्यांना घेऊन. ते आता काठी घेऊन चालतात, त्यामुळे लवकर निघावं लागतं. गाडीत मागे तीन जागा आहेत. त्या मुलाला आणि त्याच्या आईबाबांना पुरतील. थर्मासमध्ये चहा मी आणते, ब्लँकेटं तुम्ही आणा. येताना मठाचा पाव घेऊ, तो दुपारनंतर संपतो.

तुमची,
सेंट क्लाउडची एक आई